‘माझ्या लॅपटॉपवर चालतं’ म्हणजे चालत नाही!

आपल्याकडे दरवर्षी एप्रिल उजाडला की तीन गोष्टी हमखास घडतात. मेसमध्ये एखाद्या रविवारी एकदाचा आमरस मिळतो, ब्लॅक बुकच्या बाइंडिंगसाठी झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते, आणि प्रोजेक्ट लॅबच्या दाराशी कुणीतरी घामाघूम होऊन सांगत असतं, ‘‘सर, काल रात्रीपर्यंत चालत होतं हो!’’

आमरसाच्या वाटीचा आकार वाढवणं माझ्या हातात नाही. बाइंडिंगवाल्या काकांना तर एप्रिलमध्ये कुणीच काही बोलू शकत नाही. तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र लिहायलाच हवं. कारण तिच्यावरचा उपाय फुकट आहे, त्याला कुणाची सही लागत नाही, आणि २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून तो पायथनच्या पोटातच आहे. त्याचं नाव व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, थोडक्यात ‘व्हेन्व्ह’.

नाव वाचून सिव्हिल आणि मेकॅनिकलची मंडळी पान उलटतील. कृपया उलटू नका! तुमच्याही प्रोजेक्टात आता सेन्सरचा डेटा असतो, आलेख असतात, फोटोवरून तडे मोजणं असतं, म्हणजे पायथन आलंच. शिवाय हा लेख जितका पायथनबद्दल आहे तितकाच चार जणांच्या ग्रुपमध्ये खरं काम कुणाच्या वाट्याला येतं आणि कुणाच्या येत नाही, याबद्दलही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जो प्रोजेक्ट ग्रुपमधल्या चौघांच्याही मशीनवर चालत नाही, त्याला ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणू नये. तो एका लॅपटॉपचा प्रोजेक्ट. आणि तो चौघांकडे चालतो की नाही हे विभागानं व्हायवापर्यंत थांबून न बघता पहिल्या रिव्ह्यूलाच बघावं.

नेमकं बिघडतं काय?

पायथन इन्स्टॉल केलं की त्याच्यासोबत ‘साइट-पॅकेजेस’ नावाचा एक फोल्डर येतो. आपण ‘पिप इन्स्टॉल’ म्हटलं की जे काही नेटवरून उतरतं ते या फोल्डरात जाऊन पडतं. गोम अशी की, एका लायब्ररीची एका वेळी एकच आवृत्ती त्यात राहते. नवी आली की जुनी गेली.

आता आपल्या लॅबचं चित्र डोळ्यांपुढे आणा. एकच मशीन, त्यावर एकच ‘स्टुडंट’ नावाचं लॉगिन, आणि आठवड्यात चार बॅचेस. सोमवारच्या बॅचनं स्वतःच्या कामासाठी नवीन नम्पाय टाकलं. मंगळवारच्या बॅचचा प्रोजेक्ट जुन्या नम्पायवर लिहिलेला. ते बिचारे येतात, मागच्या आठवड्यात चाललेला प्रोग्राम लावतात आणि स्क्रीन लालेलाल! एका ओळीलाही हात लावलेला नसतो. मग सुरू होतं, ‘व्हायरस असेल’, ‘रिस्टार्ट करून बघ’, ‘मशीनच खराब आहे’... मशीन ठणठणीत असतं.

लायब्ररी बदलतात हा काही त्यांचा गुन्हा नाही. बदलणारच. नम्पायमध्ये ‘एनपी डॉट फ्लोट’ असं लिहायची लोकांना वर्षानुवर्षांची सवय होती. जानेवारी २०२१ च्या १.२० आवृत्तीनं ‘हे आता वापरू नका’ अशी सूचना दिली, आणि डिसेंबर २०२२ च्या १.२४ आवृत्तीनं ते काढूनच टाकलं. जून २०२४ मध्ये नम्पाय २.० आलं, तेव्हा आधीच्या नम्पायसाठी कंपाइल केलेल्या कित्येक लायब्ररी त्याच्यासोबत चालेनात. टेन्सरफ्लोमध्ये ‘सेशन’ उघडून काम करायची पद्धत होती, ती सप्टेंबर २०१९ च्या २.० आवृत्तीत मूळ जागेवरून हलली. ऑक्टोबर २०२३ च्या पायथन ३.१२ मधून तर ‘डिस्टयुटिल्स’ हे जुनंजाणतं मॉड्यूलच गेलं.

यातला एकही बदल चोरून झालेला नाही. पण आपण शिकतो २०१८ सालच्या व्हिडिओवरून आणि इन्स्टॉल करतो आजची लायब्ररी! मग दोघांचं जमणार कसं?

व्हेन्व्ह इथे काय करतं ते हॉस्टेलच्या भाषेत सांगते. खोली एकच, पंखा एकच, पण ट्रंक प्रत्येकीची वेगळी आणि कुलूपही वेगळं. माझ्या ट्रंकेत मी काय भरते यानं रूममेटच्या लाडवांना धक्का लागत नाही. (निदान लागू नये!) पायथन म्हणजे खोली. प्रत्येक प्रोजेक्टला एक ट्रंक द्यायची, म्हणजे स्वतःचा वेगळा साइट-पॅकेजेस फोल्डर. एका प्रोजेक्टात जुनं नम्पाय, दुसऱ्यात नवं, आणि दोन्ही एकाच मशीनवर गुण्यागोविंदानं नांदतात.

ही कल्पना नवीनही नाही. इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ हे साधन लिहिलं, पुढच्याच वर्षी पिपही त्यांनीच आणलं. नंतर कार्ल मेयर यांच्या ‘पेप ४०५’ या प्रस्तावावरून ही सोय मूळ पायथनमध्ये आली. म्हणजे आपल्यातले बरेच जण शाळेत पाढे म्हणत होते तेव्हापासून हा उपाय जगात आहे. आपल्या लॅब मॅन्युअलपर्यंत मात्र तो अजून चालत येतोय.

सिनिअरांचा वारसा

मागच्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपला एका जुन्या बॅचचा प्रोजेक्ट पुढे न्यायला मिळाला. पिकाच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखायचा. ब्लॅक बुक काय देखणं! सोनेरी अक्षरं, ऐंशीच्या वर पानं, आभारप्रदर्शनच दीड पान. कोड ड्राइव्हवर ठेवलेला. पण कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, हे त्या ऐंशी पानांत एकाही ठिकाणी नाही. ‘सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट्स’ या मथळ्याखाली लिहिलं होतं, ‘विंडोज १० किंवा त्यापुढील, पायथन, ४ जीबी रॅम’. बस्स!

आमच्या नऊ संध्याकाळी त्यात गेल्या. एक एरर मिटली की दुसरी हजर. आधी ‘सीव्ही२’ सापडेना. कोडमध्ये नाव सीव्ही२, पण पिपला सांगायचं नाव ‘ओपनसीव्ही-पायथन’. (तसंच ‘पीआयएल’साठी ‘पिलो’ आणि ‘एसकेलर्न’साठी ‘सायकिट-लर्न’. हे कोडकडे बघून कुणाला कळणार?) मग ते वर सांगितलेलं एनपी डॉट फ्लोट. मग केरासचा घोळ. मार्च २०२४ च्या टेन्सरफ्लो २.१६ पासून सोबत केरास ३ येतं, आणि सिनिअरांनी साठवून ठेवलेलं मॉडेल त्यात काही केल्या उघडेना.

शेवटी त्या ग्रुपमधल्या दादाला फोन लावला. दादा पुण्यात नोकरीला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘अगं, ते फक्त माझ्या लॅपटॉपवरच चालायचं. तो मी जॉइन झाल्यावर फॉरमॅट मारला.’’

चार जणांचं वर्षभराचं काम एका फॉरमॅटमध्ये गेलं! दादाला मी दोष देत नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. रिव्ह्यूला डावीकडचा समास दीड इंच आहे का, हे पट्टी लावून बघतात. आवृत्ती कोणती हे कुणी विचारत नाही. जे विचारतात ते माणूस करतो.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ब्राझील आणि न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहबवरच्या सुमारे १४ लाख ज्युपिटर नोटबुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली ८ लाख ६३ हजारांहून अधिक नोटबुकं त्यांनी प्रत्यक्ष चालवून बघितली. एकही एरर न येता चालली जेमतेम २४ टक्के. मूळ नोटबुकात दिसतंय तेच उत्तर पुन्हा देणारी निघाली ४ टक्के! न चालण्याच्या नेहमीच्या कारणांत एक होतं लागणारी लायब्ररीच न सापडणं. म्हणजे आमच्या नऊ संध्याकाळींची कहाणी जगभर चालू आहे. फरक एवढाच की, आपण ठरवलं तर आपल्यापुरती ती थांबवू शकतो.

‘डॉक्युमेंटेशन’ कोण करतं?

आता जे लिहिणार आहे ते काहींना झोंबेल. पण लिहिते.

मी लेडीज हॉस्टेलमध्ये राहते. आमचं गेट साडेआठला बंद होतं. प्रोजेक्ट लॅबला कुलूप लागतं साडेपाचला. मागच्या वर्षी ग्रुपमध्ये आम्ही दोघी आणि दोघं मुलं होतो. कोड जिथे चालायचा तो लॅपटॉप बॉईज हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर. आणि आपल्याकडे खरं काम होतं ते रात्री दहा ते दोन, हे रेक्टर सरांनाही माहीत आहे. माझ्या लॅपटॉपवर तोच कोड उघडला की एररची माळ. मुलं चांगलीच होती, मनात काही नव्हतं त्यांच्या. म्हणाली, ‘‘तुम्ही रिपोर्ट आणि पीपीटी बघा, कोड आम्ही बघतो.’’

झालं. काम वाटलं गेलं. एवढ्याशा वाक्यानं.

व्हायवाला एक्स्टर्नल सर एकेकाला विचारतात, ‘‘यात तुम्ही काय केलंत?’’ रांगेत उभ्या असलेल्या मुली एकापाठोपाठ एक म्हणतात, ‘‘सर, डॉक्युमेंटेशन.’’ पुढे कॅम्पसला कंपनीवाले हाच प्रश्न विचारतात. तिथे ‘डॉक्युमेंटेशन’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न येत नाही, ‘थँक यू’ येतं.

आणि हे मुलींपुरतंच आहे असं कुणी समजू नये. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉपच नाही तो मुलगाही याच रांगेत असतो. ‘कमवा आणि शिका’मध्ये संध्याकाळी लायब्ररीत काम करणारा असतो. रोज एसटीनं अप-डाउन करणारा असतो. त्यांच्या हाती असतं लॅबमधलं मशीन, तेही दोन तास, आणि त्यावर ॲडमिनचा पासवर्ड नाही. प्रोजेक्ट एका लॅपटॉपला बांधलेला असेल तर या सगळ्यांच्या नशिबी स्पायरल बाइंडिंग!

म्हणून मला व्हेन्व्ह महत्त्वाचं वाटतं. ते आपल्या स्वतःच्या फोल्डरात तयार होतं, त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. यावर्षी आमच्या नव्या ग्रुपनं पहिल्याच दिवशी ते केलं. माझ्या ग्रुपमधल्या मैत्रिणीकडे लॅपटॉप नाही. ती लॅबच्या मशीनवर बसते. माझ्याकडे भावाचा जुना, लिनक्स टाकलेला लॅपटॉप आहे. मुलांकडे विंडोज. कोड चौघांकडे चालतो. डेटा साफ करण्याचा अख्खा भाग त्या मैत्रिणीनं लिहिलाय, आणि रिपोर्टची प्रकरणं आम्ही चौघांनी वाटून घेतली आहेत. यात कुणी कुणावर उपकार केलेले नाहीत. तिच्यापुढे चालणारा कोड आला, तिनं काम केलं.

पाच मिनिटांचं काम

एवढं वाचल्यावर ‘करायचं कसं’ हे सांगायलाच हवं. (हा मराठी विभाग असल्यानं कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं! ‘व्हेन्व्ह’ म्हणजे व्ही, ई, एन, व्ही ही चार.)

पहिली पायरी. टर्मिनल उघडून प्रोजेक्टच्या फोल्डरात जा आणि लिहा, ‘पायथन -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’. यातलं पहिलं व्हेन्व्ह हे मॉड्यूलचं नाव, दुसरं, टिंब लावलेलं, हे तयार होणाऱ्या फोल्डरचं नाव. लिनक्सवर ‘पायथन’ऐवजी ‘पायथन३’ लिहावं लागतं. उबुंटूवर ‘पायथन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज आधी टाकलेलं हवं, त्यासाठी लॅबमधल्या काकांना एकदाच विनंती करा.

दुसरी पायरी. ट्रंक उघडा! विंडोजवर ‘.व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’, लिनक्सवर ‘सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट’. ओळीच्या सुरुवातीला कंसात फोल्डरचं नाव दिसलं की समजायचं, आपण आत आलो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही’ असा लाल संदेश येऊ शकतो. घाबरू नका, साध्या कमांड प्रॉम्प्टमधून करा. ॲक्टिव्हेट म्हणजे काही जादू नाही. ‘पायथन म्हटलं की आधी या फोल्डरात बघ’ एवढंच ते मशीनला सांगतं.

तिसरी पायरी. लागेल ते ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असं लिहून पुढे लायब्ररीचं नाव देऊन टाका. नुसतं ‘पिप’ लिहिलं तर ते कधीकधी दुसऱ्याच पायथनचं निघतं आणि सामान भलत्याच ट्रंकेत जातं. शंका आली तर ‘पिप --व्हर्जन’ विचारा. ते कोणत्या फोल्डरातून बोलतंय हे स्वतःच सांगतं.

चौथी पायरी. काम चाललं की, ट्रंक उघडी असतानाच, ‘पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’. आत जे जे आहे त्याची आवृत्तीसकट यादी तयार! हीच कमांड व्हेन्व्हच्या बाहेर दिलीत तर मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्टांचा पसारा यादीत येतो आणि त्यातलं आपलं कोणतं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

पाचवी पायरी मित्राची. त्यानं स्वतःच्या मशीनवर पहिल्या दोन पायऱ्या करायच्या आणि लिहायचं, ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’. संपलं.

डबा नको, यादी पाठवा

इथे बरेच जण एक शॉर्टकट मारतात. अख्खा व्हेन्व्हचा फोल्डर पेनड्राइव्हवर घालून मित्राला देतात. तो चालत नाही, कारण त्याच्या आतल्या फायलींमध्ये तुमच्या मशीनवरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. मित्राच्या घरी तो पत्ताच नाही. म्हणून तो फोल्डर गिटमध्येही टाकायचा नसतो, ‘गिटइग्नोर’मध्ये त्याचं नाव लिहायचं असतं. ट्रंक आपल्याच खोलीत ठेवायची, द्यायची ती फक्त यादी.

यादी कशी असावी हे आपल्या आयांना विचारा. वाण्याकडे नुसतं ‘तांदूळ ५ किलो’ लिहून पाठवलं तर तो कोलम देतो आणि घरी हवा असतो इंद्रायणी. मग भाताचा काय तो वेगळाच प्रकार होतो. आवृत्तीशिवाय लायब्ररीचं नाव लिहिणं म्हणजे नुसतं ‘तांदूळ’ लिहिणं. दोन बरोबरच्या खुणा आणि पुढे आकडा, म्हणजे ‘इंद्रायणीच द्या’!

मात्र यादीत सगळं येत नाही, हेही सांगायला हवं. पायथनची स्वतःची आवृत्ती त्यात नसते, ती रीडमीमध्ये वेगळी लिहावी लागते. व्हेन्व्ह नवं पायथन आणत नाही, मशीनवर जे आहे तेच वापरतं. तसंच टेसरॅक्ट, एफएफएमपेग, मायएसक्यूएलचा सर्व्हर, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर या गोष्टी पायथनच्या बाहेरच्या. त्या व्हेन्व्हच्या ट्रंकेत मावत नाहीत. त्यांची नावं, आवृत्त्या आणि डेटा कुठून घ्यायचा, हे सगळं मिळून एक पान. ऐंशी पानांच्या ब्लॅक बुकात हे एक पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

‘पण...’

हॉस्टेलमध्ये हा विषय काढला की काही ‘पण’ ठरलेले असतात.

‘पण नेट कुठे आहे?’ खरंय, रात्री आठ ते अकरा हॉस्टेलचं वायफाय म्हणजे मृगजळ. पण एकदा लॅबमधून ‘पिप डाउनलोड’ करून सगळ्या फायली एका फोल्डरात उतरवता येतात. मग ‘--नो-इंडेक्स’ आणि ‘--फाइंड-लिंक्स’ हे दोन पर्याय देऊन नेटशिवाय इन्स्टॉल होतं. फक्त उतरवलेलं मशीन आणि टाकायचं मशीन, दोन्हींवर ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती एकच हवी. पेनड्राइव्हचा उपयोग करायचा तर असा करा.

‘पण जागा फार खातं!’ टेन्सरफ्लोसारखं काही असेल तर एखादा जीबी सहज जातो. पण सेमिस्टर संपली की फोल्डर खुशाल डिलीट करा. यादी हाताशी असली की ट्रंक पुन्हा भरता येते.

‘पण कोलॅब आहे ना!’ आहे, आणि ज्याच्याकडे मशीन नाही त्याला त्याचा मोठाच आधार आहे. पण कोलॅब म्हणजे परक्याचं स्वयंपाकघर. तिथल्या आवृत्त्या मालक त्याच्या वेळापत्रकानं बदलतो. जानेवारीत चाललेलं नोटबुक मे महिन्यात चालेलच असं नाही. तिथेही यादी हवीच.

‘पण ॲनाकोंडा, डॉकर, यूव्ही यांच्यापुढे हे जुनं नाही का?’ वापरा की! ‘यूव्ही’ २०२४ मध्ये आलं आणि भलतंच वेगवान आहे. माझा हट्ट साधनाचा नाही, यादीचा आणि वेगळ्या ट्रंकेचा आहे. व्हेन्व्ह पायथनसोबतच येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही, म्हणून सुरुवातीला तेच सोपं.

आणि एक खास लिनक्सवाल्यांचा ‘पण’. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं, तेव्हापासून त्यावर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपनं काही टाकायला गेलं की ते अडवतं आणि व्हेन्व्ह करायला सांगतं. नवीन उबुंटूवरही तसंच. मग आपले वीर काय करतात? इंटरनेटवर शोधून ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय जोडतात. अहो, नावातच लिहिलंय ‘सिस्टिमची पॅकेजं मोडा’! औषधाच्या बाटलीवर ‘विष’ लिहिलेलं असताना चमचाभर घेऊन बघण्यातला प्रकार.

विभागाकडे चार मागण्या

शेवटचा ‘पण’ सगळ्यात खरा आहे. ‘व्हायवात हे कोण विचारतं?’ कुणी विचारत नाही, म्हणून कुणी करत नाही. म्हणून आदरणीय सर आणि मॅडम, या मागण्या तुमच्यापुढे ठेवते.

एक. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला अर्ध्या तासाचं एक प्रॅक्टिकल यावर व्हावं. सिलॅबसमध्ये नसलं तरी चालेल. जर्नलमध्ये एक पान वाढलं तर आम्ही तक्रार करणार नाही. (शब्द देते!)

दोन. पहिल्या रिव्ह्यूलाच प्रोजेक्ट ग्रुपच्या लीडरच्या लॅपटॉपवर न बघता दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर बघावा. कोड दहाच ओळींचा असला तरी चालेल, पण तो चौघांकडे चालला पाहिजे.

तीन. टर्मवर्कची सही होण्याआधी एखाद्या ज्युनिअरला फक्त रीडमी देऊन लॅबच्या मशीनवर बसवावं. अर्ध्या तासात प्रोजेक्ट सुरू झाला तर ठीक, नाहीतर आठवडाभरानं पुन्हा. यात ज्युनिअरचंही शिक्षण होतं. यासाठी वेगळे मार्क नकोत, डॉक्युमेंटेशनच्या मार्कांतले थोडे इकडे वळवले तरी पुरे. कारण माझ्या मते हेच खरं डॉक्युमेंटेशन.

चार. लॅबच्या सर्व्हरवर नेहमी लागणाऱ्या लायब्ररींच्या फायलींचा एक सामाईक फोल्डर असावा, म्हणजे नेट बंद असतानाही काम थांबणार नाही. याला पैसे लागत नाहीत, डिस्कवर थोडी जागा लागते.

सर म्हणतील, आमच्यावर आधीच कामाचा बोजा आहे. मान्य. नॅक, ॲडमिशन, पेपर तपासणं, सगळं आम्हाला दिसतं. पण एप्रिलमधल्या त्या पंधरा दिवसांत ‘काल चालत होतं’ ऐकण्यात तुमचा किती वेळ जातो, तोही एकदा मोजून बघा. त्यातला थोडा वेळ ऑगस्टमध्ये आणून ठेवा, एवढंच मागणं आहे.

आणि मित्र-मैत्रिणींनो, विभागाचं होईल तेव्हा होईल. आपण कशाला थांबायचं? यंदाचं ब्लॅक बुक बांधायला टाकण्याआधी एक करून बघा. तुमच्या ग्रुपमध्ये ज्याच्याकडे किंवा जिच्याकडे लॅपटॉप नाही, त्या व्यक्तीला लॅबच्या मशीनवर बसवा. हातात फक्त रीडमी द्या. बाकीचे तिघं कँटीनला जाऊन कटिंग मारून या, आणि फोनवरून काही सांगू नका. परत याल तेव्हा स्क्रीनवर प्रोजेक्ट चालू असेल, तर खुशाल सोनेरी अक्षरांत चौघांची नावं छापा!

– अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी
(लेडीज हॉस्टेल)